इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: बारावीला चांगले मार्क असलेली मुलं एम-वनला (मॅथ्स-वन) का अडकतात?

माणदेशी

ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याला पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. सीईटीचा स्कोअर चांगला होता, दुसऱ्या राउंडला हवं ते कॉलेज लागलं. घरात पेढे वाटले. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. "मामा, बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला काही कळत नाही. बाकी सगळे माना हलवतात. मी पण हलवतो." मग बराच वेळ तो काही बोललाच नाही. त्या शांततेमुळे हा धागा काढतोय, कारण ती शांतता माझ्या ओळखीची आहे.

मी माण तालुक्यातल्या गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी साताऱ्यात. २००९ साली पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात मेकॅनिकलला आलो. तेव्हा शंभर मार्कांचा पेपर असायचा, दोन सेक्शन, दोन वेगळ्या उत्तरपत्रिका, पास व्हायला चाळीस लागत. पहिल्या सेमचा निकाल लागला: एम-वनला ३२, इंजिनिअरिंग मेकॅनिक्सला २७. बारावीपर्यंत मी कधी कशात नापास झालो नव्हतो. नापास झालेल्या माणसाने काय करायचं असतं तेच मला माहीत नव्हतं.

घरी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. वडिलांनी विचारलं, "म्हंजी काय?" मी म्हणालो, कॉलेजची काहीतरी चूक आहे, दुरुस्त होईल. मी पुण्यात शिकतोय म्हणजे खरंच बोलत असणार, असं धरून त्यांनी पुढे विचारलं नाही. हे खोटं मी आठ महिने ओढलं. सुट्टीला गावी जायचं टाळलं. बैलपोळ्याला गेलो नाही. आज मागे वळून बघताना त्या ३२ आणि २७ चं काही वाटत नाही, त्या आठ महिन्यांचं वाटतं.

सुटका कशी झाली ते सांगतो. होस्टेलला एक सीनियर होता, सोलापूरकडचा. त्याला माझे मार्क कुठून तरी कळले. त्याने उपदेश केला नाही, एवढंच विचारलं, "भिंतीला टेकवलेली शिडी. भिंत गुळगुळीत, जमीन खरखरीत. एफबीडी काढ." एफबीडी म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, वस्तूवर लागणारी बलं बाणांनी दाखवणारी आकृती. मी कागदावर शिडी काढली, वजनाचा बाण खाली दाखवला आणि थांबलो. सूत्र मला पाठ होतं, बाण कुठे काढायचे ते नव्हतं. तेव्हा होस्टेलला चुन्याचं काम चालू होतं, रंगाऱ्यांची लाकडी शिडी जिन्यात पडलेली होती. त्याने ती भिंतीला लावली, वरच्या पायरीवर स्वतः उभा राहिला आणि मला म्हणाला, "खालून पाय धर. काय होतंय?"

शिडीचा पाय भिंतीपासून लांब पळायला बघत होता. मी तो भिंतीकडे दाबून धरला होता. "आत्ता तू जे करतोयस ते घर्षण," तो वरून म्हणाला. "बाण भिंतीकडे काढ. आणि वर भिंत शिडीला काय करते? आडवी ढकलते. गुळगुळीत आहे, दुसरं काही करूच शकत नाही. बाण भिंतीपासून बाहेर, काटकोनात." मेकॅनिक्सच्या अर्ध्या विषयाचं दार त्या जिन्यात उघडलं. पुढच्या परीक्षेला दोन्ही विषय निघाले.

मला एवढंच म्हणायचंय की पहिल्या वर्षी नापास होणारी बरीच मुलं ना मठ्ठ असतात ना आळशी. बारावीपर्यंत त्यांनी जो अभ्यास केला त्याची जातच वेगळी असते, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यावर गावाकडून आलेल्या मुलाला इंग्रजीची धास्ती असते, शंका विचारायला तोंड उघडत नाही. म्हणून तो ती लपवतो. इथे शिकवणारे, शिकून बाहेर पडलेले, सध्या शिकत असलेले बरेच जण आहेत. तुमचं काय अडलं होतं आणि कशाने सुटलं, ते लिहा. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

---

स्लाइडरूल

माणदेशी, शिडीची गोष्ट फार आवडली. मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा, सिव्हिल, सत्तरच्या दशकातला. जुन्या अकरावी मॅट्रिकचा माणूस. कॉलेज १८५४ चं, विश्वेश्वरय्या १८८३ साली तिथून बाहेर पडले, हे पहिल्याच आठवड्यात कानावर पडलं आणि छाती भरून आली. पण वर्गात बसल्यावर त्याच छातीत धडकी भरायची. मीही मराठी शाळेतलाच होतो.

तरी माध्यमाचा मुद्दा मला तितका पटत नाही. आमच्या वेळी वर्गातली बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली असायची. महिन्या-दोन महिन्यांत ते इंग्रजी कानाला सरावायचं. तांत्रिक इंग्रजीत शब्द थोडे असतात आणि तेच तेच फिरून येतात.

मला वेगळं काहीतरी हरवलेलं दिसतं. आमच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता, स्लाइडरूल होती. ती लॉगॅरिदमच्या पट्ट्यांवर चालते. दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे पट्टीवरच्या दोन लांब्यांची बेरीज. आकडे तीनच मिळायचे, आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते पट्टी सांगायची नाही. ४.५२ की ४५.२ की ४५२, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. त्यामुळे गणित सुरू करण्याआधीच मनात अंदाज बांधावा लागे: या तुळईवर साधारण किती भार येईल, सळई अंगठ्याएवढी लागेल की मनगटाएवढी. माझा नातू आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याचं तुळईचं उत्तर दोन किलोमीटर आलं. त्याने ते तसंच लिहिलं, कारण कॅल्क्युलेटरने तसं सांगितलं. मी विचारलं, "बाळा, दोन किलोमीटर म्हणजे इथून डेक्कनपर्यंत की काय?" तेव्हा कुठे त्याने युनिट तपासली. मिलिमीटर आणि मीटर एकत्र झाले होते.

भाच्याला सांगा, प्रत्येक गणिताआधी उत्तराचा अंदाज पेन्सिलीने समासात लिहून ठेव. चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाजही बरंच शिकवून जातो.

आणि संध्याकाळी तासभर तरी कुठेतरी मोकळ्यावर जाऊन बसायला सांगा. आम्हाला नदीकाठचा बोट क्लब होता. पहिल्या वर्षीचं सगळं रडू मी त्या पायऱ्यांवर रडलोय.

---

खडू

संलग्न कॉलेजात चौदा वर्षं मेकॅनिक्स शिकवते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माणदेशींनी "अभ्यासाची जात" म्हटलंय ते अगदी बरोबर आहे, आणि ते आकड्यांत दाखवता येतं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे पर्याय उलटे टाकून बघ, नाहीतर अंदाजाने खूण कर. क्लासवाले दोन वर्षं हेच घोटून घेतात. आता विद्यापीठाचा पेपर बघा. २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन्सेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, ३० मार्कांची असायची, पहिल्या दोन युनिटवर. एन्डसेम, म्हणजे सेमच्या शेवटची, ७० ची, उरलेल्या चार युनिटवर, अडीच तास. प्रत्येक युनिटवर दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा, साधारण १७-१८ मार्कांचा. म्हणजे एका प्रश्नाला सदतीस मिनिटं. सीईटीची सवय लागलेला मुलगा दुसऱ्या मिनिटाला उत्तर लिहून मोकळा होतो. मधल्या पायऱ्या नाहीत, आकृती नाही, दिशा नाही. शेवटचं उत्तर चुकलं की हातात काहीच उरत नाही. उत्तर चुकूनही ज्याची एफबीडी बरोबर आहे आणि समतोलाची समीकरणं नीट मांडलेली आहेत, त्याला मी निम्म्याहून जास्त मार्क दिलेले आहेत. पेपर तपासताना नजर आधी आकृतीवरच जाते.

शिडीत आणखी एक भर घालते. वर्गात मी मुलांना विचारते, "कोण कोणाला ढकलतंय?" बाण ज्या वस्तूवर काढताय, त्या वस्तूला बाहेरची दुनिया काय करते तेवढंच दाखवायचं. वस्तू दुनियेला काय करते ते नाही. नव्वद टक्के घोळ इथेच होतो. सुटा केलेला तुकडा म्हणजे "फ्री बॉडी". आधार काढून टाका, आणि आधार जे करत होता ते बाणाने दाखवा. पिन असेल तर दोन बाण, रोलर असेल तर एकच, पृष्ठभागाला काटकोनात. फिक्स्ड असेल तर दोन बाण आणि एक मोमेंट, म्हणजे फिरवणारा परिणाम.

स्लाइडरूलसर, भाषेच्या मुद्द्यावर मात्र नम्रपणे मतभेद आहे. तुमच्या काळी वर्गात बरेच जण मराठी शाळांतले होते, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून लाज नव्हती. आता मराठी शाळेतून आलेली चार-पाच मुलं मागच्या बाकावर असतात, त्यांना शब्द कळतो पण तोंड उघडायची भीती वाटते. ओरलला मी मुद्दाम म्हणते, "मराठीत सांग." आणि तोच मुलगा घडाघडा बोलायला लागतो. विषय त्याला येत असतो. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, २०२१-२२ पासून मातृभाषेतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, पिंपरी-चिंचवडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरूही झाली. पण माझ्या मते प्रत्येक साध्या वर्गातच शंका मराठीत विचारायची मुभा असली, तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि एक नियम, जो पालकांना माहीत नसतो. पहिल्या वर्षाचा विषय राहिला तरी एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण तिसऱ्या वर्षात जायला पहिलं वर्ष पूर्ण निघालेलं लागतं. तिथे अडकलं की वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष वाया. म्हणून एम-वन "बघू नंतर" म्हणत ठेवू नये. दुसऱ्या वर्षात एम-थ्री येतं, आणि दोन्ही एकत्र अंगावर येतात.

---

बार्शीची_आई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी मुलगी पुण्यात ईएन्टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) आहे, आता तिसऱ्या वर्षात. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. ती दुसऱ्या वर्षात असताना दिवाळीला आली. कपडे धुवायला काढताना मी बॅग उघडली. तळाशी एक वही, वर लिहिलेलं एम-वन. मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, पण दुसऱ्या वर्षातल्या मुलीच्या बॅगेत पहिल्या वर्षाची वही का, एवढं कळतं. वही चुरगळलेली होती, पानांवर पाणी पडल्यासारखे डाग होते.

मी लगेच विचारलं नाही. रात्री करंज्या भरताना म्हटलं, "आमच्या वर्गात एक पोरगी आहे. हातच्याची वजाबाकी आली की पाटी उलटी ठेवते. मी ओरडेन म्हणून नाही, शेजारची बघेल म्हणून." ती करंजी मुरडता मुरडता थांबली आणि रडायला लागली. सगळं सांगितलं. दोनदा दिलेला पेपर, आमच्यापासून लपवलेला बॅकलॉगचा फॉर्म, फॉर्मची फी भरायला मेसचा एक वेळचा डबा बंद केलेला.

डबा बंद केल्याचं ऐकलं आणि माझे हातच गळाले. आमच्यावर पैशाचा ताण नको म्हणून तिने ते केलं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेव्हा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म आम्ही दोघींनी बसून भरला. पण त्याआधीचं वर्ष तिने एकटीने काढलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला म्हणाले, "तू नापास झालीस त्याचं काही नाही. उपाशी राहिलीस त्याचं मला झोपेत सुद्धा वाईट वाटणार आहे." ते एवढंच बोलले. पुढच्या सेमला विषय निघाला. पार्शियल डिफरन्सिएशन तिला कळत नव्हतं. खोलीतल्या मुलीने समजावलं: डोंगरावर उभी आहेस, फक्त पूर्वेला एक पाऊल टाकलंस तर उंची किती बदलेल, उत्तरेला टाकलंस तर किती, ते वेगवेगळं मोजायचं. एकाकडे बघताना दुसऱ्याला स्थिर धरायचं. हे तर मला सुद्धा कळलं.

पालक वाचत असतील तर विनंती आहे. फोनवर "अभ्यास चालू आहे ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी हो असतं. "या आठवड्यात काय कळलं नाही?" असं विचारा.

---

डिप्लोमावाला_एमएच१३

धाग्याला +१. आमच्या बाजूचंही थोडं लिहितो, कारण डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचा विचार कोणी करत नाही.

दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षात. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन यात आम्ही पुढे असतो. बारावीवाले फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली का आणि डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे का काढतात यावर डोकं खाजवत असतात, आम्हाला ते झोपेत येतं. त्यांच्यातले काही काचेखाली दिवा लावून शीटची जीटी (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे वरून गिरवून नक्कल) मारतात, तेव्हा आमच्या शीट मूळ म्हणून फिरतात.

मग एम-थ्री येतं आणि जमीन सरकते. पहिलं वर्ष आम्ही केलेलंच नसतं. एम-थ्रीच्या व्हेक्टर इंटिग्रेशनमध्ये ग्रीन, स्टोक्स, गॉस येतात. तिथे डबल आणि ट्रिपल इंटिग्रल सोडवता येतं असं गृहीत धरलेलं असतं. ते असतं एम-टूच्या शेवटच्या युनिटमध्ये, जे आम्ही पाहिलेलंच नसतं. हायर ऑर्डरच्या डिफरन्शियल इक्वेशनचंही तेच, फर्स्ट ऑर्डर एम-टूमध्ये झालेलं असतं. मी तीन महिने समजत होतो की मला एम-थ्री जमत नाही. मला एम-टू माहीत नव्हतं, एवढंच.

प्रवेश झाला की कॉलेज सुरू व्हायच्या आधीच एम-टूची दोन युनिटं करा: फर्स्ट ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन आणि मल्टिपल इंटिग्रल. इंटिग्रलमध्ये आधी प्रदेशाचं चित्र काढा, उभी पट्टी घ्या, ती कुठून कुठे सरकते बघा, मगच लिमिट लिहा. चित्राशिवाय लिमिट लिहिणारा हमखास चुकतो. खडू मॅडम एफबीडीबद्दल जे म्हणतायत तेच इथेही आहे.

---

नांदेड_ते_नेकर

सध्या श्टुटगार्टला आहे, मास्टर्स झालं, नोकरी करतो. फक्त दोन गोष्टी.

एक, ज्यांना वाटतं की बॅकलॉग लागला म्हणजे बाहेरची दारं बंद झाली, त्यांच्यासाठी: माझे तीन होते. अर्जात सगळं खरं लिहिलं, सगळ्या मार्कशीट जोडल्या, सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. ते तुमचा सरासरी ग्रेड त्यांच्या पट्टीवर आणतात, जिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. जुना बॅकलॉग सरासरीला खाली खेचतो, पण तो शिक्का नसतो.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. माझ्या इथल्या विद्यापीठात एका विषयाला तीनच प्रयत्न. तिसऱ्यांदा नापास झालात की तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. इथली मुलं पेपरला घाबरतात, पण शंका विचारायला घाबरत नाहीत. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत सरळ जाऊन "मला हे कळलं नाही" म्हणतात. मला ते वाक्य जर्मनमध्ये म्हणायला सहा महिने लागले, आणि शब्द सगळे येत होते. पुण्यात चार वर्षांत मी ते मराठीतही एकदा म्हटलं नव्हतं.

---

स्लाइडरूल

खडूताई, तुमचं म्हणणं पटलं. माध्यम तेच होतं, पण आम्ही बरेच जण एका नावेत होतो. एकट्या मुलाचं दुःख मी मोजलंच नव्हतं. माझा शब्द मागे घेतो.

बार्शीच्या ताई, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

---

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बार्शीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसमध्ये वाचला आणि उठून बाहेर गेलो. माझ्या आईवडिलांना मी त्या आठ महिन्यांबद्दल आजवर सांगितलेलं नव्हतं. काल रात्री फोन करून सांगितलं. वडील म्हणाले, "मला ठाऊक होतं. पोळ्याला आला न्हाईस तवाच कळलं हुतं." पंधरा वर्षं त्यांनीही ते पोटात ठेवलं होतं.

भाच्याबरोबर काल व्हिडिओ कॉलवर बसलो. त्याचं अडलं होतं किर्चॉफच्या मेश अ‍ॅनालिसिसमध्ये. दोन लूपच्या मधल्या रेझिस्टरमध्ये करंटची बेरीज घ्यायची की वजाबाकी, यात तो प्रत्येक वेळी गडबडायचा. मी त्याला शिडीच्याच पद्धतीने विचारलं, "त्या रेझिस्टरमधून पहिला करंट कुठल्या बाजूला चाललाय? आणि दुसरा?" त्याने दोन रंगांचे पेन घेतले, दोन्ही लूप घड्याळाच्या दिशेने काढले. मधल्या रेझिस्टरमध्ये निळा खाली जात होता, लाल वर. "मग वजाबाकी," तो स्वतःच म्हणाला. स्लाइडरूलकाकांनी सांगितल्याप्रमाणे समासात अंदाजही लिहायला लावला. त्याने लिहिला दोन अँपियर, उत्तर आलं १.६. खूश झाला.

तासाला मान हलवायची नाही, कळलं नाही की वहीत त्या जागी चौकोन काढायचा, असं ठरलंय. पहिल्या दिवशी अकरा चौकोन आले. रविवारी सकाळी दहाला परत बसणार आहोत, स्टार-डेल्टा घेऊ. त्याच्या वर्गातले दोघं जणही येणार म्हणालेत, एक परभणीचा, एक कुडाळचा. इथल्या कोणाच्या मुलांना यायचं असेल तर निरोप पाठवा. मेकॅनिक्सपर्यंत मी आहे. एम-वनला कोणीतरी लागेल.

---

बार्शीची_आई

मुलीला हा धागा पाठवला होता. ती म्हणते, पार्शियल डिफरन्सिएशन मी घेते, रविवारी अकरानंतर. डोंगराचं चित्र काढूनच ठेवलंय तिने.